पॉप संगीत, दूरचित्रवाणीवरील (१९८०–८५)

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटन, अमेरिका, जपान आदी देशांच्या दूरचित्रवाणीवर सादर झालेले पॉप गायन-वादनाचे कार्यक्रम. पॉप संगीत हे मुळात ध्वनिमुद्रिकेच्या आधारे वाढलेले संगीत होय. त्याची विक्री ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने होई, प्रसार नभोवाणीवरून होई आणि गायकाचे प्रत्यक्ष दर्शन रंगमंचावरील मैफलींत घडे. १९८० ते १९८५ या अल्पावधीत दूरचित्रवाणीने या तिन्ही मार्गांवर मात केली. गीत कसे गायिले यापेक्षा ते पडद्यावर कसे दिसले, याला महत्त्व आले. या स्थित्यंतरात काही कलावंतांना अपूर्व कीर्ती लाभली, तर स्टुडिओत वाजवून उदरनिर्वाह करणाऱ्या वादकांचा एक वर्ग हळूहळू अनावश्यक ठरला. पडद्यावर दिसणारा कलावंत खरोखरच गात आहे काय आणि नसल्यास तो नेमके काय सादर करतो, हा प्रश्न या काळातच तीव्रतेने पुढे आला.

पार्श्वभूमी : अमेरिकेत ‘अमेरिकन बँडस्टँड’ हा कार्यक्रम १९५७ पासून देशभर प्रक्षेपित होऊ लागला. त्यात पाहुणे गायक आपल्याच ध्वनिमुद्रिकेबरहुकूम केवळ ओठ हलवीत असत. याउलट ९ फेब्रुवारी १९६४ रोजी ‘द बीटल्स’ या इंग्लिश गायक-वादकसमूहाने ‘एड सलिव्हन शो’मध्ये प्रत्यक्ष गायन केले आणि ते सु. ७·३ कोटी प्रेक्षकांनी पाहिले. ब्रिटनमध्ये बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा साप्ताहिक कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टर येथील एका जुन्या चर्चवास्तूत उभारलेल्या स्टुडिओतून सुरू झाला. ध्वनिमुद्रिकांच्या खपाच्या क्रमवारीत वर चढणाऱ्या गीतांनाच त्यात स्थान मिळे. प्रारंभी येथेही ओठ हलविण्याचीच पद्धत होती. एकदा वाजवलेली ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा वापरली, की वादकाला नवे काम मिळत नाही, या कारणाने ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने या पद्धतीला विरोध केला. परिणामी १९६६ मध्ये तिच्यावर बंदी आली. त्यानंतर जॉनी पिअर्सन याच्या संचालनाखालील वाद्यवृंद गायकांना साथ करू लागला. दोन-तीन विजेरी गिटारींवर बेतलेली गीते मोठ्या वाद्यवृंदाच्या साच्यात बसविताना त्यांचे मूळ रूप बदलून जाई. तथापि त्या निमित्ताने अनेक वादकांना नियमित काम मिळत असे.

१९८० चा संप : खर्चकपातीसाठी आपल्या अकरा वाद्यवृंदांपैकी पाच बंद करण्याचा निर्णय बीबीसीने १९८० मध्ये घेतला. त्याविरुद्ध वादक-संघटनेने त्या वर्षीच्या उन्हाळ्यात संप पुकारला. संपामुळे ‘टॉप ऑफ द पॉप्स’ सुमारे दोन महिने बंद पडला आणि अभिजात संगीताच्या सुप्रसिद्ध ‘प्रॉम्स’ महोत्सवातील आरंभीच्या मैफलीही रद्द कराव्या लागल्या. तडजोडीअंती काही वाद्यवृंद वाचले. ऑगस्ट १९८० मध्ये ‘टॉप ऑफ द पॉप्स’ मायकेल हर्ल या निर्मात्याच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू झाला, तो नव्या स्वरूपात. झगमगते दिवे, फुगे, पताका आणि नाचणारे प्रेक्षक यांनी स्टुडिओला जत्रेचे रूप आले व वाद्यवृंदाचा वापर मागे पडला. वादकांच्या हक्कांसाठी झालेल्या संपानंतर याच कार्यक्रमातून वादक दिसेनासे व्हावेत, हा या इतिहासातील विरोधाभास लक्षणीय आहे.

नवे वाद्य व नवे दृश्य : याच सुमारास सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य तुलनेने स्वस्त झाले. ठेका धरण्यासाठी यंत्र उपलब्ध झाले. गॅरी न्यूमनने १९७९ मध्ये या वाद्याच्या साथीने ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये केलेल्या निर्विकार चेहऱ्याच्या सादरीकरणाने नव्या पिढीवर छाप पाडली. ‘द ह्यूमन लीग’, ‘डिपेश मोड’, ‘सॉफ्ट सेल’ हे समूह त्याच वाटेने पुढे आले. ‘सॉफ्ट सेल’मध्ये तर एक गायक आणि एक वादक एवढेच दोघे होते. गिटार वा तालवाद्य वाजविणाऱ्याच्या हालचालींतून आवाजाचा उगम प्रेक्षकाला कळतो. सिंथेसायझरच्या पट्ट्यांवर एक बोट ठेवून उभ्या असलेल्या व्यक्तीकडे पाहून तो कळत नाही. ही दृश्यातील पोकळी वेशभूषा, रंगभूषा, केशरचना व चेहऱ्यावरील भाव यांनी भरून काढली. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये ‘कल्चर क्लब’ या समूहाचा गायक बॉय जॉर्ज (जन्म १९६१) लांब वेण्या व ठळक रंगभूषा अशा वेशात या कार्यक्रमात प्रथम दिसला, तेव्हा हा पुरुष की स्त्री, याची चर्चा वृत्तपत्रांतून रंगली. अल्पावधीतच त्या समूहाचे गीत ब्रिटनमधील खपाच्या क्रमवारीत अग्रस्थानी गेले. गळ्याइतकेच, किंबहुना अधिक, काम येथे एका अनपेक्षित चेहऱ्याने केले होते.

त्याच वर्षी ‘मान्सून’ या समूहाची भारतीय वंशाची तरुण गायिका शीला चंद्रा हिने सतारीच्या स्वरांनी नटलेले एक इंग्रजी गीत या कार्यक्रमात सादर केले. ब्रिटनमधील आशियाई कुटुंबांना आपल्यासारखा चेहरा या व्यासपीठावर क्वचितच पाहावयास मिळे. त्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची होय.

सिंथेसायझरने वादकांच्या पोटावर पाय येईल, ही भीतीही व्यक्त होत होती. १९८२ मध्ये वादक-संघटनेच्या मध्य लंडन शाखेने या वाद्याच्या वापरावर निर्बंध घालण्याचा ठराव केला. संघटनेने तो आपले धोरण म्हणून स्वीकारला नाही. पण त्यामागील अस्वस्थता खरी होती. दुसऱ्या बाजूस, प्रत्यक्ष वादनाचा आग्रह धरणे यंत्रावलंबी समूहांनाही सोपे नव्हते. ‘न्यू ऑर्डर’ या समूहाने मार्च १९८३ मध्ये ‘ब्लू मंडे’ हे गीत ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये हट्टाने प्रत्यक्ष वाजविले. ध्वनिमुद्रिकेतील यंत्रवत रेखीवपणा त्यात उतरला नाही. ओठ हलविण्याच्या पद्धतीत जे दोष झाकले जात, ते येथे उघडे पडले; मात्र हे वादन लोकांच्या स्मरणात राहिले, तेही त्या दोषांमुळेच.

अमेरिका—एम्‌टीव्ही आणि वर्णभेदाचा प्रश्न : १ ऑगस्ट १९८१ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेत एम्‌टीव्ही ही केवळ संगीताला वाहिलेली केबल वाहिनी सुरू झाली. ‘द बगल्स’ या ब्रिटिश समूहाचे, दृश्यमाध्यमापुढे नभोवाणीच्या गायकाचा अस्त झाल्याचे सांगणारे गीत तिच्यावर सर्वप्रथम दाखविण्यात आले. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी जाहिरातीसाठी तयार केलेल्या, व्हिडिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गीतचित्रफिती ही वाहिनी दिवसरात्र दाखवी. अशा चित्रफितींचा प्रघात ब्रिटनमध्ये आधीच रुळला असल्यामुळे आरंभी ब्रिटिश समूहांना तिचा मोठा लाभ झाला.

या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलावंत मात्र अभावानेच दिसत. आपली वाहिनी रॉक संगीताची असल्याचे कारण चालक देत. गायक रिक जेम्स याने याविरुद्ध जाहीर तक्रार केली. १९८३ च्या आरंभी डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) या इंग्लिश गायकाने वाहिनीच्याच निवेदकाला मुलाखतीत याबाबत थेट प्रश्न विचारला. मार्च १९८३ मध्ये मायकेल जॅक्सन (१९५८–२००९) याच्या ‘बिली जीन’ या गीताची चित्रफीत वाहिनीवर दिसू लागली. त्यासाठी आपण दबाव आणला, असे त्याच्या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या प्रमुखाने पुढे सांगितले. वाहिनीच्या चालकांनी ते नाकारले. कारण काहीही असो, ही अदृश्य भिंत याच सुमारास ढासळू लागली.

‘मोटाउन २५’ : या कालखंडातील सर्वांत गाजलेले सादरीकरण ‘मोटाउन’ या कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी विख्यात असलेल्या कंपनीच्या पंचविसाव्या वर्धापनानिमित्त झाले. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे २५ मार्च १९८३ रोजी या समारंभाचे चित्रण करण्यात आले व १६ मे रोजी एन्‌बीसी वाहिनीवरून ते प्रक्षेपित झाले. जॅक्सनने प्रथम आपल्या भावांसमवेत जुनी गीते गायिली. त्यानंतर काळा चमकता अंगरखा, टोपी आणि एकाच हातात मोजा अशा वेशात त्याने एकट्याने ‘बिली जीन’ सादर केले. मोटाउन कंपनीचे नसलेले असे समारंभातील हे एकमेव गीत होते. पुढे चालत असल्याचा आभास निर्माण करीत मागे सरकणारी ‘मूनवॉक’ ही पदन्यासाची लकब त्याने त्यात काही क्षणच दाखविली. हा कार्यक्रम सु. ४·७ कोटी लोकांनी पाहिल्याचे मानले जाते.

या सादरीकरणाबाबत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की ही लकब जॅक्सनने शोधलेली नव्हती. बिल बेली या कृष्णवर्णीय नर्तकाने ती १९५० च्या सुमारास रंगमंचावर दाखविली होती. तसेच ‘सोल ट्रेन’ या कार्यक्रमातून पुढे आलेल्या जेफ्री डॅनिएल या नर्तक-गायकाने १९८२ मध्ये ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये ती सादर करून ब्रिटिश प्रेक्षकांना थक्क केले होते. रस्त्यावरील तरुणांच्या व विस्मृतीत गेलेल्या नर्तकांच्या परंपरेला दूरचित्रवाणीने एकाच व्यक्तीचे नाव दिले. दुसरी गोष्ट अशी, की ‘बिली जीन’च्या वेळी ऐकू येणारा आवाज ध्वनिमुद्रिकेतील होता, जॅक्सन केवळ ओठ हलवीत होता. तरीही आपली फसवणूक झाली, असे कोणाला वाटले नाही. प्रत्यक्षतेचे केंद्र कंठातून देहाकडे सरकले होते. गीत पूर्वीच पूर्ण झालेले होते आणि त्या क्षणी घडत होते ते नृत्य.

जपान : जपानमध्ये निराळी प्रथा होती. टीबीएस वाहिनीवरील ‘द बेस्ट टेन’ (१९७८–८९) हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई आणि गायक स्टुडिओतील वाद्यवृंदाच्या साथीने प्रत्यक्ष गात. एखादा गायक दौऱ्यावर असल्यास रेल्वेस्थानकावरून वा विमानतळावरून त्याचे गायन प्रक्षेपित करण्यात येई. त्याच्या निवेदकांपैकी एक तेत्सुको कुरोयानागी ही होय. तोत्तोचान (१९८१) या आत्मकथनपर पुस्तकाची लेखिका म्हणून ती मराठी वाचकांना परिचित आहे. वादकांना वगळणे ही तंत्रज्ञानाची अपरिहार्य मागणी नव्हती, हे या उदाहरणावरून दिसते.

प्रत्यक्ष गायनाचा आग्रह : ब्रिटनमध्येही प्रतिक्रिया उमटली. ५ नोव्हेंबर १९८२ पासून न्यूकॅसल येथून ‘चॅनल फोर’वर सुरू झालेल्या ‘द ट्यूब’ (१९८२–८७) या कार्यक्रमात प्रत्यक्ष गायन-वादनावर भर होता. याची परिणती १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये झाली असे म्हणता येईल. लंडन व फिलाडेल्फिया येथील क्रीडांगणांवरून उपग्रहांद्वारे तो सोहळा जगभर दिसला. पॉल मॅकार्टनीच्या गायनाच्या आरंभी ध्वनिक्षेपक बंद पडला व काही वेळ त्याचा आवाजच ऐकू आला नाही; थेट प्रक्षेपणाची सर्व जोखीम त्यात प्रकट झाली. ‘क्वीन’ या समूहाने सु. वीस मिनिटांत केलेले सादरीकरण मात्र अविस्मरणीय मानले जाते. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१) हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी. सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स शाळेत त्याचे शिक्षण झाले व तेथील विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे. याच समूहाची १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ही चित्रफीत गीतचित्रफितींच्या युगाची नांदी मानली जाते. चित्रफितीचे सामर्थ्य आधीच ओळखलेल्या या समूहाने दहा वर्षांनी, हजारो श्रोत्यांना टाळ्यांच्या तालात सामील करून घेत, प्रत्यक्ष गायनाचे सामर्थ्यही सिद्ध केले.

मूल्यमापन : दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलविणे भारतीय प्रेक्षकाला नवे नाही, चित्रपटांतील पार्श्वगायनाची सारी परंपरा त्यावर उभी आहे. मात्र तेथेही श्रेयाचा झगडा झाला. महल (१९४९) या चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या विख्यात गीताच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापलेले होते. आवाज कोणाचा हे उघडपणे सांगण्याची रीत रूढ झाल्यानंतर पार्श्वगायन ही मान्य कला ठरली. पाश्चात्त्य पॉप संगीतात असा संकेत निर्माण झाला नाही. ‘मिली व्हॅनिली’ या जोडीच्या ध्वनिमुद्रिकांतील आवाज इतर गायकांचे असल्याचे उघड झाल्यावर नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांचा ग्रॅमी पुरस्कार काढून घेण्यात आला. स्वतःच्या आवाजावर ओठ हलविणाऱ्याचा गौरव करणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलविणाऱ्यांना क्षमा केली नाही. ज्यांचे आवाज वापरले गेले, त्यांना मात्र त्या पुरस्काराचा लाभ झाला नाही.

‘टॉप ऑफ द पॉप्स’चे १९७० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचे बहुतेक भाग फिती पुसल्यामुळे नष्ट झाले. नवव्या दशकातील भाग जतन झाले असून कार्यक्रमाचे नियमित साप्ताहिक प्रक्षेपण २००६ मध्ये संपल्यानंतर, २०११ पासून बीबीसीने १९७६ पासूनचे जुने भाग क्रमाने पुनःप्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. जिमी सॅव्हिल या निवेदकाची लैंगिक दुष्कृत्ये २०१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, उघडकीस आल्यामुळे त्याने सादर केलेले भाग त्यांतून वगळण्यात आले. त्यामुळे जतन झालेला इतिहासही समग्र दिसतो असे नाही. या फितींत दिसतात ते प्रामुख्याने चेहरे, पोशाख व पदन्यास. वाद्यवृंदातील जे वादक १९८० नंतर स्टुडिओतून बाहेर पडले, ते त्यांत कोठेच नाहीत. या कालखंडाच्या इतिहासात त्यांच्या अनुपस्थितीची नोंद करणेही तितकेच आवश्यक आहे.