शब्द जोडणारे बाबा पदमनजी

मराठीतली पहिली कादंबरी कोणती, हा स्पर्धा परीक्षांतला नेहमीचा प्रश्न. 'यमुनापर्यटन' हे उत्तर मुले पाठही करतात. पण ती लिहिणारा माणूस कोण होता, असे विचारले की बहुतेक जण थबकतात. ते होते बाबा पदमनजी. मराठी ख्रिस्ती लेखक.

पदमनजींचा जन्म १८३१ सालचा, बेळगावचा. घर कासार समाजातले, व्रतवैकल्ये पाळणारे. मिशनच्या शाळेत शिकून पुढे ते मुंबईला गेले. तिथे परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे या गुप्त सभेचे एक धुरीण. जातिभेद मोडायचा म्हणून सभासद एकत्र बसून पाव खात. आज याचे हसू येईल. पण त्या काळी पावाचा घास म्हणजे जातीबाहेर पडण्याची जोखीम होती. म्हणूनच सारे लपूनछपून चाले. पदमनजींना हे लपणे मानवले नाही. १८५४ मध्ये त्यांनी बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्याआधीची मनाची घालमेल त्यांनी 'अरुणोदय' या १८८८ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. कायदा सरकारी कागदावर आला, तरी माजघरातले केशवपन थांबले नाही. दुसऱ्याच वर्षी 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि जागोजागी विधवांची दुःखे पाहते. पुढे तिच्या स्वतःच्याच कपाळी वैधव्य येते. अखेर ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

शेवटाला धर्मप्रचार आहे, हे मान्यच करायला हवे. समीक्षकांनी त्यावर बोट ठेवले, तेही योग्यच. पण तेवढ्यावरून पुस्तक बाजूला सारणे बरे नव्हे. चार वर्षांनी, १८६१ मध्ये आलेली 'मुक्तामाला' अद्भुतात रमली आणि मराठी कादंबरी बराच काळ त्याच वाटेने गेली. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून येऊ लागली, तेव्हा विधवेचे दुःख पुन्हा मराठी घराघरांत पोहोचले. तिच्याही नायिकेचे नाव यमुनाच!

पदमनजींचे दुसरे काम तर अधिकच विसरले गेले. १८६० मध्ये त्यांनी 'शब्दरत्नावली' हा समानार्थी शब्दांचा कोश केला. मोल्सवर्थचा जाडजूड मराठी-इंग्रजी कोश आटोपशीर करून १८६३ मध्ये लोकांच्या हाती दिला. म्हणजे धर्म बदललेल्या या माणसाने भाषा सोडली तर नाहीच, उलट तिचा एकेक शब्द वेचून जपून ठेवला. बेळगाव हे मराठी आणि कानडीच्या सीमेवरचे गाव. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाचे कान शब्दांच्या बाबतीत तीक्ष्ण असतात. आमच्या सोलापुरालाही हे ठाऊक आहे. इथे शुक्रवार पेठेत घरातून निघून चहाच्या टपरीपर्यंत जाताना मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषा कानावर पडतात.

मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी प्रेमाने जवळ येऊन म्हणतो, "तुमचे मराठी किती छान आहे हो!" त्यात खोट नसते, कौतुकच असते. पण शेजारी बसलेल्या कवीला हे कुणी सांगत नाही. माझी भाषा मी कुठून तरी मागून आणली आहे, असे त्या कौतुकात नकळत येते. अशा वेळी मला पदमनजी आठवतात. ज्या कोशात आपण शब्द शोधले, तो करणाऱ्याला आपण परका कसे म्हणायचे?

१९०६ साली पदमनजी गेले. शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्यांचा धर्मविचार कुणाला पटो वा न पटो. त्यांच्याशी वाद घालायलाही शब्द लागतील ते मराठीच, आणि त्यांतले कितीतरी त्यांच्याच कोशात सापडतील. एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून 'यमुनापर्यटन' पाठ करणाऱ्या मुलांना, निदान एकदा, ती उघडूनही पाहू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)