पन्नासचा आकडा

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या महाधमनीचं ऑपरेशन ठरलं. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आला होता. भूल देणाऱ्या मॅडम रिपोर्ट चाळताना क्रिएटिनिन 1.6 बघून जरा थांबल्या. मी गूगलवरचं अर्धवट ज्ञान पाजळलं, "सेव्होफ्लुरेननं किडनी बिघडते ना?" त्या हसल्या. "ते पाप दुसऱ्याच गॅसचं आहे हो. ह्याच्या माथी बसलंय."

झालं! माझा शनिवार-रविवार त्या दुसऱ्या गॅसमागे गेला.

त्याचं नाव मेथॉक्सिफ्लुरेन. 1960 मध्ये वापरात आला. ईथरसारखा भडका उडायची भीती नाही, स्नायू सैल पडतात, शुद्धीवर आल्यावरही दुखणं कमी. डॉक्टर खूश! मग 1966 मध्ये क्रॅन्डेल आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की 94 पैकी 16 पेशंटची किडनी बिघडली. तीही उलट्या तऱ्हेनं: लघवी बंद होण्याऐवजी भरमसाठ, पाण्यासारखी. ती घट्ट करणारं संप्रेरक टोचूनही फरक नाही. पिशवी भरलेली बघून आपण म्हणणार किडनी झकास, आणि इकडे माणूस आतून कोरडा पडतोय..

पण मोठ्या ऑपरेशनात संशयित काय कमी असतात? रक्तस्राव, पडलेलं बीपी, अँटिबायोटिक. म्हणून रिचर्ड मॅझे यांनी सरळ चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंट वाटले, काहींना हा गॅस, काहींना हॅलोथेन. 1971 मध्ये निकाल छापून आला: दोषी गॅसच. शरीरात तो मोडून फ्लुओराइड तयार होतं. 1973 मध्ये कझिन्स आणि मॅझे यांनी डोसचा हिशोब मांडला. रक्तातलं फ्लुओराइड लिटरला 50 मायक्रोमोलच्या वर गेलं की किडनीला त्रास सुरू.

इथवर सगळं चोख. गंमत पुढे आहे. हा 50 चा आकडा एका गॅसचा होता, पण पाठ्यपुस्तकांत तो सगळ्यांचा झाला. आमच्याकडे एका सर्व्हरची अलर्टची मर्यादा दुसऱ्याला कॉपी-पेस्ट होते आणि रात्री दोनला उगाच फोन वाजतो, तसंच.

सेव्होफ्लुरेनला जपानमध्ये 1990 ला, अमेरिकेत 1995 ला परवानगी मिळाली. लांबलेल्या ऑपरेशनात तोही 50 ओलांडतो. किडन्या मात्र ठीक! 1995 मध्येच खराश यांच्या गटानं दाखवलं की मेथॉक्सिफ्लुरेन खुद्द किडनीतही मोडतो, सेव्होफ्लुरेन तिथे फारच कमी. म्हणजे इतकी वर्षं मोजमाप रक्तात, आणि घात बहुधा किडनीच्या आत. (उंदरांमधल्या 'कंपाउंड ए'चं प्रकरण वेगळंच, ते पुन्हा कधीतरी.) मेथॉक्सिफ्लुरेनची अमेरिकेतली मान्यता 2005 मध्ये गेली. ऑस्ट्रेलियात मात्र वेदनाशामक म्हणून छोट्या डोसात तो अजून हुंगायला देतात.

"मग बाबांच्या किडनीला धोका कशाचा?" मी विचारलं.

"क्लॅम्पचा. महाधमनी चिमट्यानं बंद करतात. किडनीच्या धमन्यांच्या खाली लावला तरी किडनीचं रक्त घटतं. वर लावला तर बंदच. गॅसपेक्षा मी बीपी आणि ती मिनिटं बघत बसेन."

त्यांनी सेव्होफ्लुरेनच दिला. क्लॅम्प खालीच लागला, 41 मिनिटं. तरी दोन दिवस मी लघवीच्या पिशवीवरचे आकडे दर तासाला वहीत उतरवत होतो. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन आलं 1.7. मॅडम म्हणाल्या, "चालेल. आता ती वही ठेवा आणि घरी जाऊन झोपा."