विळ्याच्या आकाराची पेशी

सन १६२३ च्या उन्हाळ्यात नव्या पोपमहोदयांच्या निवडीसाठी कार्डिनल रोममध्ये जमले होते. त्या दिवसांत रोमची हवा नेहमीप्रमाणेच वाईट होती. हिवतापाला युरोपीय भाषांत जे नाव पडले, त्याचा मूळ अर्थच मुळी ‘दूषित हवा’ असा आहे. निवडसभा चालू असतानाच अनेक कार्डिनल तापाने अंथरुणाला खिळले, काहींनी पुढे प्राण सोडले. निवडून आलेले पोप आठवे अर्बन हेही आजारी पडले. पुढे काही वर्षांतच पेरू देशातील सिंकोना वृक्षाची कडू साल येशूसंघीय धर्मगुरूंनी रोमला आणली. कार्डिनल हुआन दे लुगो यांनी ती गोरगरिबांना वाटली आणि ‘जेझुइटांची साल’ म्हणून ती जगभर प्रसिद्ध झाली. १८२० साली पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून क्विनाईन वेगळे काढले.

ही कथा आपल्या वाचकांना परिचित असेल. परंतु त्या सालीने एका प्रश्नाचे उत्तर दिले नाही. एकाच गावात, एकाच छपराखाली, तेच डास चावत असताना एक बालक दगावते आणि त्याच्या शेजारी निजलेले दुसरे वाचते, ते का? धर्माने याला ईश्वरी इच्छा म्हटले, लोकांनी नशीब म्हटले. शास्त्राला या प्रश्नाला हात घालण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. आणि जे उत्तर हाती आले, ते केवळ वैद्यकाचे नाही. आपण दुसऱ्याच्या दुखण्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, याचीही त्यात कसोटी आहे.

१८८० साली लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी दिसला. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या जठरात सापडला. शत्रू कोण व तो येतो कोठून, हे आता कळले. त्याच सुमारास जावा आणि न्यू गिनी येथे हिंडणाऱ्या रॉबर्ट कॉख यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. हिवतापाच्या गावांतील लहान मुलांचे रक्त परोपजीवींनी भरलेले असे; परंतु त्याच गावांतील प्रौढांच्या रक्तात ते क्वचितच मिळत. आपल्याकडे सिंगभूम भागात रिकर्ड क्रिस्टोफर्स यांनी केलेल्या पाहणीतही, १९२४ साली, हेच चित्र उमटले. जी मुले वारंवारच्या तापातून तगली, त्यांच्या शरीराने शत्रूला ओळखण्याची विद्या हळूहळू आत्मसात केली होती.

ही विद्या रक्तात असते याचा पुरावा १९६१ साली मिळाला. आफ्रिकेतील गांबिया देशात कोहेन, मॅक्ग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी हिवतापाला सरावलेल्या प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी केली आणि ती आजारी बालकांना टोचली. बालकांच्या रक्तातील परोपजीवींची संख्या झपाट्याने उतरली. मात्र ही कमावलेली प्रतिकारशक्ती कधीच परिपूर्ण नसते. माणूस काही वर्षे दूरदेशी राहिला की ती ओसरते. शिवाय ती कमावण्याची किंमत फार मोठी असते. कित्येक मुले ती किंमत चुकवता चुकवताच संपतात.

परंतु काही मुलांना ही विद्या शिकण्याआधीच एक कवच लाभलेले असते. ते आईबापांकडून मिळते. त्याचा शोध हिवतापाच्या नव्हे, तर एका वेगळ्याच दुखण्याच्या वाटेने लागला.

१९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका दंतवैद्यक विद्यार्थ्याच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील कित्येक तांबड्या पेशी गोल नव्हत्या. त्या विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, अंगभर असह्य कळा उठतात, रक्तक्षय होतो. आज आपण याला सिकलसेल म्हणतो. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. त्याच वर्षी जेम्स नील यांनी त्याची आनुवंशिकता स्पष्ट केली. ज्याला आई व वडील या दोघांकडून हे जनुक मिळते तो रुग्ण होतो. ज्याला एकाकडूनच मिळते तो केवळ वाहक असतो आणि सहसा निरोगी आयुष्य जगतो. पुढे १९५६ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा दोष नेमका हेरला. प्रथिनांच्या लांबलचक माळेत एकच मणी बदललेला होता.

येथे एक कोडे उभे राहिले. उपचारांच्या अभावी हे रुग्ण बहुधा बालपणीच मरत. मग मरण आणणारे हे जनुक केव्हाच नाहीसे व्हायला हवे होते. तसे न होता ते आफ्रिकेतील काही जमातींमध्ये फार मोठ्या प्रमाणावर का टिकून राहिले?

कोडे सोडवले ते अँथनी ॲलिसन यांनी. दक्षिण आफ्रिकेत १९२५ साली जन्मलेले आणि केनियात वाढलेले ॲलिसन १९४९ साली ऑक्सफर्डच्या एका मोहिमेबरोबर केनियाला परतले आणि निरनिराळ्या जमातींच्या रक्ताचे नमुने त्यांनी गोळा केले. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी शंभरांतील वीसहून अधिक माणसे वाहक निघाली. उंच, थंड पठारावर शंभरांत एकही कठीण. जेथे डास तेथे हे जनुक, जेथे डास नाहीत तेथे तेही नाही! १९५४ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. युगांडातील २९० मुलांपैकी जी ४३ वाहक होती, त्यांतील १२ जणांच्या रक्तात परोपजीवी आढळले. उरलेल्या २४७ पैकी ११३ जणांच्या रक्तात ते होते. म्हणजे २८ टक्क्यांच्या जागी ४६ टक्के. पुढील अभ्यासांनी ठरवले, की वाहकाला हिवतापाचे जीवघेणे स्वरूप जडण्याचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी असतो.

रक्ताचे काही दोष हिवतापाच्या प्रदेशांत तगून राहण्यामागे असेच कारण असावे, असे भाकीत जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसिमियाविषयी ॲलिसन यांच्या आधीच, १९४९ च्या सुमारास केले होते. हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. ते कट्टर निरीश्वरवादी होते. तरीही सृष्टीच्या या गूढ हिशेबाची कडी त्यांच्याच हाती प्रथम लागली, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे.

हा हिशेब मात्र निष्ठुर आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक शक्यता रुग्ण बालकाची, दोन शक्यता वाहक बालकाची आणि एक शक्यता पूर्ण मुक्त बालकाची. हिवतापाच्या गावात यांतील वाहक बालके अधिक तगतात. म्हणजे एका घरी जे मूल कळांनी तळमळते, त्याच्या दुःखाचा आणि दुसऱ्या घरी तापातून वाचलेल्या मुलाच्या हसण्याचा उगम एकच. येथे आपल्यासारख्या श्रद्धावंतांना मोह होतो, की याला ‘बलिदान’ म्हणावे आणि मनाची समजूत घालावी. हा मोह टाळला पाहिजे. बलिदान स्वेच्छेने केले जाते. त्या बालकाला कुणी विचारलेले नव्हते. निसर्गाचा हिशेब म्हणजे परमेश्वराचा न्याय नव्हे.

आणि ज्यांना विचारायला हवे होते, त्यांना शास्त्रानेही नेहमी विचारले असे नाही. ॲलिसन यांनी लुओ जमातीच्या तीस प्रौढ पुरुषांना मुद्दाम हिवतापाची लागण केली. पंधरा वाहकांपैकी दोघांना आणि पंधरा इतरांपैकी चौदा जणांना ती जडली. ते स्वयंसेवक होते असे नमूद आहे. परंतु वसाहतीच्या राज्यात ‘स्वेच्छा’ या शब्दाला कितपत वजन होते, हे वाचकांनीच ठरवावे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात १९४४ पासून कैद्यांना हिवताप देऊन औषधे तपासली गेली. त्याच प्रयोगांतून १९५६ साली उमगले, की काही जणांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते आणि प्रायमाक्विन घेताच त्यांचे रक्त फुटू लागते. हा दोषदेखील हिवतापाच्या प्रदेशांतच टिकून आहे. आपल्याकडे पारशी समाजात तो विशेषत्वाने आढळतो.

सर्वांत काळा अध्याय डाखाऊच्या छळछावणीतला. हिवतापावर लस शोधण्याच्या नावाखाली क्लाउस शिलिंग या वयोवृद्ध जर्मन शास्त्रज्ञाने १९४२ पासून हजारावर कैद्यांना हिवताप दिला. त्यांत कॅथलिक धर्मगुरू, विशेषतः पोलिश धर्मगुरू, मोठ्या संख्येने होते. त्यांच्यापैकी लिओ मिखालोव्स्की यांनी १९४६ साली न्यूरेंबर्ग येथे साक्ष दिली. शिलिंगला त्याच वर्षी फाशी झाली. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने प्रयोगासाठी माणसाची स्वेच्छासंमती अनिवार्य ठरवली. त्या संहितेमागे अशा साक्षींचे बळ आहे, हे आपण विसरू नये.

रक्तावरून माणसांची उच्चनीचता ठरवणाऱ्यांना या शास्त्राने चांगलाच धडा दिला आहे. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचा घटक नसतो. १९७६ साली लुई मिलर व सहकाऱ्यांनी दाखवले, की विवाक्स जातीच्या परोपजीवीला पेशीत शिरण्यासाठी हेच दार लागते; प्रयोगातील डफीरहित पाचही जणांना लागण झाली नाही. परंतु २०१० साली मादागास्करमध्ये डफीरहित माणसांतही विवाक्सची लागण आढळली. कवच कायमचे नसते. शत्रूही शिकत असतो. ‘शुद्ध रक्त’ आणि ‘हीन रक्त’ ही भाषा येथे टिकतच नाही. एका प्रदेशात जो दोष, तोच दुसऱ्या प्रदेशात गुण.

आता आपल्या अंगणात येऊ. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमान आणि कटबुश यांनी केली. महाराष्ट्रात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातील काही दलित समाजांत तो आढळतो. भारतीय सिकलसेलच्या जनुकाभोवतीची रचना आफ्रिकेतल्याहून वेगळी असल्याचे १९८६ साली दिसून आले, आणि हे जनुक येथे स्वतंत्रपणे उपजले असावे असे अनुमान निघाले. त्यावरची चर्चा अजून संपलेली नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने कळा कमी होतात. जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली, परंतु त्याची किंमत पाड्यावरच्या कुटुंबाच्या कल्पनेपलीकडची आहे.

या शोधयात्रेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १९९१ साली एड्रियन हिल आणि सहकाऱ्यांनी गांबियातील मुलांच्या अभ्यासातून दाखवले, की एचएलए-बी-५३ हा आनुवंशिक घटक असलेल्या मुलांचे गंभीर हिवतापापासून रक्षण होते. यकृतातील परोपजीवी ओळखण्यास तो शरीराला साहाय्य करतो. याच हिल यांच्या नेतृत्वाखाली ऑक्सफर्डमध्ये हिवतापावरची आर-२१ ही लस सिद्ध झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि ती बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. काही मुलांना जन्मतः लाभलेले रक्षण सर्वांच्या वाट्याला यावे, यासाठी चाललेला हा प्रयत्न आहे. जे निसर्गाने वाटताना भेदभाव केला, ते माणूस समतेने वाटू पाहतो.

तरीही जो वाटा आपल्या हाती आहे, तो लसीने भागणार नाही. तपासणीच्या कार्डावर ‘वाहक’ असा शेरा पडला, की कित्येक घरांत सुनेकडे बोट दाखवले जाते. मुलीचे लग्न जमेनासे होते. आजारी मूल म्हणजे आईच्या घराण्याचा दोष ठरतो. वास्तविक रुग्ण बालकाला जनुक आई व वडील या दोघांकडूनही मिळालेले असते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभू येशूला विचारतात, की पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. आणि तेवढ्यावर न थांबता तो वाकतो, मातीत थुंकी कालवतो आणि त्या माणसाचे डोळे उघडतो.

दोन हजार वर्षांपूर्वीचा तो नकार आज सूक्ष्मदर्शकाखालीही खरा ठरला आहे. विळ्याच्या आकाराची ती पेशी कुणाच्याही पापाची खूण नाही. तिच्या वाहकाच्या पूर्वजांनी हिवतापाशी पिढ्यान् पिढ्या झुंज दिली, एवढेच ती सांगते. लग्नाआधीची रक्ततपासणी हा त्यामुळे लाजेचा विषय न राहता साध्या काळजीचा विषय व्हावा. आणि चर्चच्या आवारात, मिशनच्या दवाखान्यात किंवा शेजारच्या ओटीवर कळांनी कण्हणारे मूल दिसले, तर ‘कुणामुळे?’ हा प्रश्न ओठांवर येण्याआधी आपणही वाकावे.