काळजीनं वाळणारे आणि काळजीनं सुटणारे

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे बीपी दाखवायला यायच्या. यजमानांना पक्षाघात होऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. या दोन वर्षांत बाईंचं वजन अकरा किलोंनी वाढलं होतं, आणि वाढलेलं जवळजवळ सगळं पोटावर. थायरॉइड तपासून घेतलं, नॉर्मल आलं. मग मी आम्हा डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य म्हटलं, "खाण्यावर ताबा ठेवा." त्या म्हणाल्या, "डॉक्टर, काळजीनं मला धड जेवणसुद्धा जात नाही हो." मी हसलो. काळजीनं माणूस वाळतो, सुटत नाही, असं मनात म्हटलं. ते हसू त्यांनी पाहिलं असावं, कारण पुढे दीड वर्ष त्या फिरकल्याच नाहीत.

माझ्या त्या हसण्यामागे वैद्यकाचा बराच मोठा इतिहास होता. तो खोटा नव्हता, अर्धा होता. उरलेला अर्धा माझ्या पिढीच्या डॉक्टरांना कॉलेजात कुणी शिकवलाच नाही, कारण तेव्हा तो नीट लिहिलाच गेला नव्हता. आज तीच कथा सांगतो.

आधी आपली भाषाच बघा. काळजीनं माणूस झुरतो, खंगतो, त्याला अन्न गोड लागत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. उलट लग्नानंतर मुलगा जरा भरला की "लग्न मानवलं वाटतं!" म्हणजे अंगावरचं मांस हे सुखाचं लक्षण. चरकसंहितेतही हेच आहे. विमानस्थानात म्हटलंय की पथ्याचं आणि मापात घेतलेलं अन्नसुद्धा चिंता, शोक, भय आणि क्रोध यांमुळे पचत नाही. सूत्रस्थानात अतिस्थूलपणाची कारणं दिली आहेत. त्यांत गोड आणि स्निग्ध खाणं, व्यायाम न करणं, दिवसा झोपणं यांच्या शेजारी 'चिंता न करणं' हेही एक कारण आहे! थोडक्यात, मी चरकाच्या बाजूनं हसलो होतो.

पाश्चात्य वैद्यकानंही सुरुवात इथूनच केली. फरक इतकाच की त्यांना ते डोळ्यांनी बघायला मिळालं. 6 जून 1822 रोजी उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, फरच्या व्यापाराच्या ठाण्यात, अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरनं त्याला वाचवलं, पण जखम पूर्ण बुजली नाही. पोटाच्या कातडीतून थेट जठरात जाणारं एक भोक कायमचं राहिलं. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा, आणि थोड्या वेळानं ओढून काढून किती पचलं ते बघायचा. 1833 मध्ये त्यानं हे सगळं पुस्तकरूपानं छापलं. अलेक्सिस चिडला किंवा घाबरला की जठराचं अस्तर कधी लाल आणि कोरडं, कधी फिकट होतं आणि पचन बिघडतं, अशी नोंद त्यात आहे. तो चिडायचा यात नवल नाही. दुसऱ्याच्या पोटात दोरे सोडून तासन्‌तास बसणारा डॉक्टर कुणाला आवडेल? 1880 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या जठरावर डॉक्टरांची नजर आहे हे घरच्यांना माहीत होतं. त्यांनी शवविच्छेदन होऊ दिलं नाही.

पुढचा टप्पा हार्वर्डमधला. 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांत वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या जठराची हालचाल पडद्यावर बघत होता. मांजर शांत असलं की जठरावर लाटा दिसायच्या. ते बिथरलं की लाटा जागच्या जागी थांबायच्या, आणि शांत झालं की पुन्हा सुरू व्हायच्या. यातूनच पुढे 1915 मध्ये त्याचं वेदना, भूक, भीती आणि क्रोध यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. 'लढा किंवा पळा' ही कल्पना त्याचीच. समोर वाघ असेल तर रक्त हातापायांच्या स्नायूंना हवं. जेवण पचवत बसायला वेळ कुणाला आहे?

तिसरा माणूस हान्स सेल्ये. प्रागमध्ये विद्यार्थी असताना एक गोष्ट त्याच्या मनात रुतली होती. वॉर्डातल्या रुग्णांचे आजार वेगवेगळे, पण सगळे सारखेच 'आजारी' दिसतात. गळून गेलेले, भूक मेलेली, वजन उतरलेलं. प्राध्यापक मात्र या समान गोष्टीबद्दल काहीच बोलत नव्हते. पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तो एका नव्या हार्मोनच्या शोधात उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचत होता. उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. त्याला वाटलं, हार्मोन सापडलं! मग त्यानं फॉर्मलिन टोचून पाहिलं, तर तेच झालं. थंडीत ठेवलं, दमवलं, तरी तेच. हार्मोन बुडालं, पण त्या निराशेतून 4 जुलै 1936 च्या 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण आलं, आणि आज आपण ज्याला 'स्ट्रेस' म्हणतो त्याचं शास्त्र तिथून सुरू झालं. त्या टिपणातल्या लक्षणांच्या यादीत एक नोंद आहे: अंगावरची चरबी नाहीशी होते.

हे सगळं आम्ही कॉलेजात शिकलो. ताण म्हणजे भूक बंद, चरबी वितळली, वजन उतरलं.

खरं तर उलट दिशेचे पुरावेही तेव्हापासून समोर होते. 1932 मध्ये हार्वे कुशिंग या मेंदूच्या सर्जननं काही रुग्णांचं वर्णन छापलं होतं. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट मोठं, हातपाय मात्र काटक्या. त्यांच्या शरीरात अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं कॉर्टिसॉल हे हार्मोन बेसुमार तयार होतं हे पुढे कळलं. सप्टेंबर 1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुण स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं. काही दिवसांत ती चालू लागली आणि 1950 चं नोबेल या कामाला मिळालं. पण औषध जास्त दिवस चाललं की रुग्णांचे चेहरे गोल व्हायचे, भूक खवळायची, पोट वाढायचं. स्टिरॉइड घेतलेल्या कुणालाही विचारा. म्हणजे ज्या ग्रंथी सेल्येच्या उंदरांमध्ये ताणामुळे सुजत होत्या, त्यांचंच हार्मोन बाहेरून दिलं की माणूस सुटत होता! एका बाकावर ताणाचे अभ्यासक, दुसऱ्या बाकावर हार्मोनचे डॉक्टर. दोघांनी एकमेकांच्या वह्या फारशा पाहिल्या नाहीत.

या वह्या जुळवण्यात मोठा वाटा आहे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेरी डॉलमन यांचा. 2003 मध्ये त्यांच्या गटाचा एक लेख आला. त्याचा विषय ताण, लठ्ठपणा आणि मनाला बरं वाटावं म्हणून खाल्लेलं अन्न. माझ्या हाती तो फार उशिरा लागला, पण वाचल्यावर त्या बाई आठवल्या. उंदराला रोज काही तास अरुंद नळीत कोंडून ठेवलं आणि खायला फक्त प्रयोगशाळेतला नेहमीचा कोरडा चारा दिला, तर तो कमी खातो आणि वजन उतरतं. सेल्येनं पाहिलं ते हेच. पण चाऱ्याशेजारी डुकराची चरबी आणि साखरेचं पाणी ठेवलं तर? चाऱ्यावरचं मन उडतं, पण चरबी आणि साखर तो सोडत नाही. शिवाय ते खाल्लेल्या उंदरांमध्ये ताणाची हार्मोन कमी उसळतात. मेंदूत वाजणारी धोक्याची घंटा गोड-तेलकट खाण्यानं थोडी मंद होते.

मला हा सगळ्या कथेतला कळीचा प्रसंग वाटतो. काळजीनं 'जेवण' जात नाही हे खरंच. भाजी-भाकरी हा आपला चारा झाला. पण फरसाण, बिस्किटं, श्रीखंड यांचं काय? घरात ते नव्हतंच त्या काळात चिंतेनं माणूस वाळत असणार. आज डबा हाताशी आहे.

काळाचाही फरक आहे. ताणाच्या पहिल्या काही मिनिटांत अ‍ॅड्रिनॅलिन आणि मेंदूतलं सीआरएफ हे रसायन भूक मारतात. कॉर्टिसॉल मागाहून येतं आणि त्याचं काम झालेला खर्च भरून काढण्याचं. वाघ निघून गेला की हे ठीक आहे. पण वाघ घरातच अंथरुणाला खिळलेला असेल, किंवा रोज सकाळी साडेनऊला ऑफिसात भेटणार असेल, तर कॉर्टिसॉल उतरतच नाही. इन्सुलिनच्या जोडीनं ते चरबी पोटात साठवायला लावतं, कारण पोटातल्या चरबीच्या पेशी त्याला जास्त दाद देतात. आपल्याकडे तर ही जागा आधीच कमकुवत. वजन बेताचं असूनही भारतीयांच्या अंगात चरबी जास्त असते हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे जगाला कळलं.

मग चरक चुकले का? नाही. लंडनमधल्या 10,308 सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल 2' हा अभ्यास 1985 पासून चालू आहे. 2006 मध्ये त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, कामाचा ताण ज्यांनी वर्षानुवर्षं सोसला त्यांच्यात पोटाचा घेर, बीपी, साखर आणि रक्तातली चरबी एकत्र बिघडण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. दुसरी जास्त मजेशीर आहे. पुरुषांमध्ये, मुळात सडपातळ असलेले ताणामुळे आणखी उतरले आणि मुळात जाड असलेले आणखी वाढले. एकाच ऑफिसात, एकाच साहेबाखाली. (बायकांमध्ये असा फरक दिसला नाही, त्यामुळे हा नियम सरसकट कुणालाही लावू नका.) वाळणारे आणि सुटणारे दोघेही खरं बोलत होते. आम्ही मात्र फक्त वाळणाऱ्यांवर विश्वास ठेवत आलो. जाड माणसाला काळजी असते हे आम्हाला पटतच नव्हतं.

दीड वर्षानं त्या बाई परत आल्या, रक्तातली साखर वाढलेली घेऊन. या वेळी मी आहाराचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "रात्री यजमान झोपल्यावर तुम्ही काय करता?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अकराला त्यांना झोप लागते. मग मी टीव्ही बारीक आवाजात लावते आणि फरसाणाचा डबा घेऊन बसते. दोनला त्यांची कूस बदलायला उठायचं असतं, म्हणून झोपतही नाही. तेवढाच वेळ माझा असतो."

पुढच्या खेपेला मी मुलाला बोलावून घेतलं. आठवड्यातून तीन रात्री माणूस ठेवायचं ठरलं. मधुमेहाची गोळी सुरू केली होतीच. चार महिन्यांनी काट्यावर पाहिलं तर वजन कमी झालं नव्हतं, पण वाढायचं थांबलं होतं. फरसाणाचा डबा अजून आहे, त्या म्हणाल्या, पण माणूस असतो त्या रात्री निघत नाही, कारण त्या रात्री त्या झोपतात.