कालव्याचा हिशेब आणि भिलाईचा प्रश्न : धनंजयराव गाडगीळ यांचे उपयोजित अर्थशास्त्र

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–१९७१) यांचे नाव आज मुख्यत्वे राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्याच्या सूत्राशी जोडले जाते. वस्तुतः ते सूत्र समजून घ्यावयाचे, तर आधी त्यांच्या अध्यापन-संशोधनाकडे वळावे लागते.

नागपुरात वाढलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले गाडगीळ १९३० साली पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले. भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा १९२४ चा ग्रंथ लिखित साधनांवरच उभा होता. पुण्यात मात्र संशोधन बाजारात व शिवारात उतरले. फळांची विक्रीव्यवस्था, मोटारबस वाहतूक, वाई तालुक्यातील शेती हे संस्थेच्या आरंभीच्या पाहण्यांचे विषय अर्थशास्त्राच्या तत्कालीन अभ्यासकांना क्षुल्लकच वाटले असावेत.

यांतील सर्वांत फलदायी काम गोदावरी व प्रवरा कालव्यांचे. पाणीपट्टीतून भांडवलावर पुरेसा परतावा मिळतो की नाही, एवढ्यावरच वसाहतकालीन सरकार कालव्याची उत्पादकता ठरवी. गाडगिळांनी कालव्याखालील शेतीबरोबरच मजुरी, व्यापार, प्रक्रिया-उद्योग यांतून होणारा अप्रत्यक्ष लाभही हिशेबात धरला. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील व इतर ऊस-उत्पादकांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद गाडगिळांनी स्वीकारले. संशोधकाने आपल्याच क्षेत्रात असे उत्तरदायित्व पत्करल्याची उदाहरणे विरळा.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. चौथ्या योजनेसाठी १९६९ साली ठरलेल्या सूत्रात, विशेष गरजेच्या राज्यांची तरतूद केल्यावर, उर्वरित साहाय्याचे ६० टक्के लोकसंख्येनुसार. तर दरडोई उत्पन्नातील मागासलेपण, करप्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि विशेष समस्या यांसाठी प्रत्येकी १० टक्के वाटावयाचे होते. मर्जीनुसार होणाऱ्या वाटपाला त्यामुळे आळा बसला.

परंतु केंद्राचे स्वतःचे प्रकल्प या सूत्राबाहेर राहिले, आणि तेथेच भिलाईचा प्रश्न उभा राहतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार दुर्ग जिल्ह्यात पोलाद कारखाना ठरला, तेव्हा हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५९ साली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा राजधानी भोपाळला गेली होती. एवढी मोठी गुंतवणूक एका प्रदेशात येते, दुसऱ्यात येत नाही. सूत्रातील कोणताही निकष याची नोंद घेत नाही. प्रवरेची कसोटी मात्र भिलाईला नेमकी लागू पडते. पोलादाच्या टनांपलीकडे भोवतालच्या भातशेतीच्या गावांच्या मजुरीत व व्यापारात काय बदलले? ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापैकी कायम कामगार किती झाले आणि ठेकेदाराकडचे रोजंदार किती?