ताबो : मातीच्या भिंतीतले अजिंठे


आमचे आजोबा बडोद्याचे. लहानपणी ते आम्हा भावंडांना अजिंठ्याला घेऊन गेले होते. "ही चित्रं दगडावर नाहीत रे, दगडाला लावलेल्या मातीच्या लेपावर आहेत," हे त्यांचं वाक्य तेव्हा डोक्यावरून गेलं. कळलं ते चाळीस वर्षांनी, हिमाचलातल्या स्पीतीमध्ये.

भाबा खिंडीचा ट्रेक करून आम्ही पिन खोऱ्यात उतरलो आणि तिथून गाडीने ताबोला गेलो. गाव 3,000 मीटरहून उंचावर. आजूबाजूला उघडेबोडके डोंगर आणि मध्येच सफरचंदांनी लगडलेल्या बागा! आम्ही उतरलो त्या घरच्या आजोबांनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी शेतात फक्त जव आणि काळा वाटाणा असायचा. बागांना पाणी येतं ते बर्फ वितळून, कुहल म्हणजे पाटातून.

इथला मठ इ. स. 996 चा, पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या काळातला. बाहेरून पाहिलं तर मातीची साधी बैठी घरं वाटतात. आत मात्र मधोमध वैरोचनाची चतुर्मूर्ती, भिंतीवर ओळीने मातीच्या देवता आणि वरखाली चित्रंच चित्रं. काश्मिरी शैलीची छाप स्पष्ट दिसते. लोक याला 'हिमालयाचं अजिंठा' म्हणतात ते उगीच नाही. फरक एवढाच, की अजिंठा शतकानुशतकं ओस पडलं होतं. इथे हजार वर्षांनंतरही दिवा लागतो.

19 जानेवारी 1975 च्या किन्नौर भूकंपात मठाचं नुकसान झालं. पण गावाने जागा सोडली नाही. शेजारी नवं सभागृह उभं राहिलं, 1983 मध्ये दलाई लामांनी तिथे कालचक्र विधी केला आणि 1996 मध्ये सहस्राब्दीला ते पुन्हा आले.

आता काळजी वेगळीच आहे. मातीचं छत कोरड्या थंड हवेसाठी बांधलेलं. जोराचा पाऊस झाला की ते गळतं आणि चित्रांवर ओघळ येतात. घरचे आजोबा म्हणाले, "बर्फ कमी पडला तर बाग सुकते, पाऊस जास्त पडला तर गोंपा भिजतो. आम्ही मागायचं तरी काय?"

निघताना त्यांनी चार सफरचंदं हातात ठेवली. आतले फोटो काढायला मनाई, त्यामुळे दाखवायला काही नाही. आमच्या आजोबांचं ते वाक्य मात्र नातवंडांना सांगितलंय.