पिकअपसाठी टायर निवडताना: एचटी, एटी की एमटी?

पावसाळा जवळ आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. आठवडाभर हायवे आणि सुट्टीला शेतावरचा पांदण रस्ता, दोन्ही एकाच पिकअपने करायचे, तर टायर कोणता घ्यावा? दुकानात सगळ्यात राकट दिसणाऱ्या टायरवर नजर जाते, पण तो आपल्या कामाचा असेलच असं नाही. म्हणून आज हे जरा नीट समजून घेऊया.

तीन प्रकार

एचटी, म्हणजे हायवे टेरेन: रबराचे ठोकळे जवळजवळ, खाचा अरुंद. आवाज कमी, मायलेज चांगलं. चिखलात मात्र खाचा लगेच भरतात आणि टायर टकला असल्यासारखा वागतो.

एटी, म्हणजे ऑल टेरेन: खाचा थोड्या रुंद, ठोकळ्यांवर बारीक चिरा. मुरूम, खडी, कच्चा रस्ता यावर चांगला; डांबरावरही फारसा त्रास नाही.

एमटी, म्हणजे मड टेरेन: मोठे ठोकळे, त्यांच्यात मोठी मोकळी जागा. आवाज जास्त, वजन जास्त, डिझेलही जास्त.

पकड येते कुठून?

चिखलात टायरचे ठोकळे मातीत रुततात आणि तिला मागे ढकलतात. पण आपली काळी माती चिकट. खाचेत अडकली की सुटत नाही. एमटीच्या रुंद खाचांतून चाक फिरताना ती बाहेर फेकली जाते, म्हणून तो पुढे सरकत राहतो.

डांबरावर गणित उलटं होतं. तिथे रस्त्याला किती रबर टेकतं ते महत्त्वाचं. एमटीमध्ये मोकळी जागा जास्त, त्यामुळे टेकणारं रबर कमी. उंच ठोकळे ब्रेक मारल्यावर वाकतात आणि बारीक चिराही कमी असतात. अनेकांना वाटतं, मोठ्या खाचा म्हणजे पावसात जास्त सुरक्षित. साचलेलं पाणी त्या बाहेर टाकतात हे खरं, पण घाटातल्या ओल्या, गुळगुळीत वळणावर एमटीची गाडी थांबायला सहसा जास्त अंतर घेते. चिखलात रुतलेली गाडी ट्रॅक्टर ओढून काढतो. ओल्या हायवेवर न थांबलेल्या गाडीला असा उपाय नसतो.

आधी किलोमीटर मोजा

समजा गाडी महिन्याला १,५०० किमी धावते आणि त्यातले खऱ्या चिखलाचे ६० किमी. म्हणजे फक्त ४ टक्के. अशा गाडीला मी एटीच सुचवतो. रोजच खोल चिखलात काम असेल, तर एमटी. कच्चा रस्ता फक्त उन्हाळ्यात, तोही सपाट असेल, तर एचटी पुरतो.

टायरवरचे आकडे वाचा

उदाहरणार्थ २६५/६० आर१८ ११०एच. २६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, १८ हा रिमचा इंची व्यास. ११० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १,०६० किलो भार, आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग. पिकअपमध्ये माल भरत असाल तर भाराचा आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी कधीच नको. नक्षी पाहण्याआधी हा आकडा पाहा.

उत्पादनाची तारीख चार आकड्यांत असते: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. बिल होण्याआधीच तपासा.

मोठा टायर बसवू का?

२६५/६० आर१८चा व्यास साधारण ७७५ मिमी, तर २६५/६५ आर१८चा ८०२ मिमी. गाडी जेमतेम १३ मिमी उंच होते. पण मीटर १०० दाखवत असताना खरा वेग सुमारे १०३ असतो, पिकअप थोडा मंदावतो आणि टायर चाकाच्या कमानीला घासण्याची शक्यता वाढते. माझ्या मते, रोजच्या गाडीला कंपनीचाच साइज बरा.

हवेकडे लक्ष द्या

मऊ वाळूत किंवा चिखलात हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि कमी रुततो. मात्र डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची. कमी हवेवर वेगात पळवलं, तर टायर तापून फुटू शकतो. म्हणून सोबत प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा छोटा पंप ठेवा. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी हवेचे आकडे वेगळे असू शकतात. ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मिळतात.

शेवटचं एक. बजेट कमी म्हणून दोन एटी आणि दोन एचटी अशी मिसळ करू नका. पुढची आणि मागची पकड वेगळी झाली की ओल्या वळणावर गाडी अनपेक्षितपणे फिरू शकते, आणि फोर बाय फोरमध्ये व्यासात फरक असेल तर गिअरच्या यंत्रणेवरही ताण येतो. चारही सारखे घ्या, आणि शक्य असेल तर स्टेपनीही त्याच मापाची ठेवा.